वेचणी १२ रुपये किलो झाली, मग कापसाचा भाव का वाढत नाही?

सिंदफणाकाठ
नमस्कार मंडळी. माजलगाव तालुक्यात माझं सहा एकर रान आहे, त्यातलं चार एकर कापसाखाली. काल रात्री वही काढून हिशोब मांडला आणि झोपच लागली नाही, म्हणून इथं लिहितोय.

२०१६ साली आमच्याकडं वेचणी ५ रुपये किलो होती आणि कापूस मी ५ हजारानं घातला. म्हणजे क्विंटलमागं ५०० रुपये वेचणीला, शंभरातले दहा. यंदा, २०२५ ला, वेचणी १२ रुपये. सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं सडली, चार एकरांत कसाबसा वीस क्विंटल निघाला. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ साठी ८,११० ठरला, पण माझ्या मालात ओलावा जास्त भरला आणि हातात पैसा नव्हता, गावातच व्यापाऱ्याला ६,९०० नं दिला. १ लाख ३८ हजार आले. त्यातले २४ हजार नुसत्या वेचणीला गेले, शंभरातले सतराच्या वर. सरकी लावणं, खुरपणी, फवारणी, पाळ्या हे सगळं वेगळं.

नऊ वर्षांत वेचणी जवळजवळ अडीच पट झाली आणि भाव दीडपटसुद्धा नाही.

सगळे म्हणतात मजुरी वाढली की वस्तू महाग होते. हॉटेलातला चहा महागला, कटिंग महागली, बांधकाम महागलं, ते डोळ्यांना दिसतं. माझा कापूस का महागत नाही? वेचायला येणाऱ्या बायांवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. इथं वेगवेगळ्या धंद्यातली माणसं आहेत. तुमच्याकडं मजुरी वाढली तेव्हा तो पैसा शेवटी कुणाच्या खिशातून गेला, तेवढं सांगा.

मानवतकर
आमच्याकडं १३ चालू आहे. वर ऑटोचं भाडं आपल्याकडंच. गावातल्या बाया पुरत नाहीत, शेजारच्या गावाहून आणाव्या लागायल्यात. सकाळी कोणत्या रानात उतरायचं ते ऑटोवाला ठरवायलाय.

गोदाकाठी
मी स्पष्ट लिहितो, कुणाला लागलं तर माफ करा. लोकांना कामाची गरजच राहिली नाही. धान्य फुकट, लाडक्या बहिणीचे १,५०० महिन्याला, वर रोजगार हमी. बाई अकराला येणार, पाचला जाणार, मधे जेवणाची सुट्टी. तरी दर वर्षी रुपया-दोन रुपये वाढवूनच मागणार. शेतकऱ्यानं करावं तरी काय?

ओटीतला कापूस
गोदाकाठी दादा, तुमचं वाचून राहवलं नाही. माझी आई तीस वर्षं कापूस वेचते. कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत मीही जायचे तिच्याबरोबर. आता संभाजीनगरला नोकरी करते.

१२ रुपये किलो म्हणजे काय ते सांगते. पहिल्या वेच्याला झाड पांढरंशुभ्र भरलेलं असतं, तेव्हा आईचा ३५-४० किलो होतो. सव्वाचारशे ते पावणेपाचशे पडतात. तिसऱ्या वेच्याला बोंड एक इथं तर एक चार झाडं सोडून. पूर्ण दिवसात १५-१८ किलो. तेच ऊन, तीच वाकलेली कंबर, आणि हातात २०० रुपये. पोटाशी बांधलेली ओटी सात-आठ किलोची झाली की ती कमरेला खाली ओढते. वाळलेल्या बोंडाच्या पाकळीचं टोक नखाच्या कडेला घुसतं. आई दोन बोटांना चिंधी गुंडाळते, पण चिंधीनं कापूस नीट सुटत नाही, म्हणून दुपारनंतर ती काढून टाकते. दिवाळीत भाकरी थापताना पिठाचं पाणी त्या चिरांमध्ये झोंबतं, तेव्हा ती हात झटकते. ते मी लहानपणापासून बघत आलेय.

अकराला येतात म्हणता, तर सकाळी दव असतं. ओला कापूस वेचला तर तुम्हीच ओरडता आणि काट्यावर किलोभर कमी धरता.

आणि लाडक्या बहिणीचे १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. ५० रुपयांवर कोण घरी बसेल? एक मात्र खरं आहे. घरात गहू-तांदूळ असल्यामुळं आई आता म्हणू शकते की आठ रुपयांत मी येणार नाही. आधी तिला ते म्हणता येत नव्हतं. दर वाढला तो असा.

लातूरचा मास्तर
ताई, तुमच्या शेवटच्या तीन वाक्यांत अर्थशास्त्राचा अख्खा धडा आहे.

रोजगार हमीबद्दल थोडं. ही योजना आपल्याच मातीतल्या दुष्काळातून उभी राहिली. कल्पना वि. स. पागे यांची, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. माझे वडील ७२ साली खडी फोडायला जात. आज मात्र तिच्यावर मजूर पळवल्याचा आरोप टिकत नाही. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर रोज ३१२ रुपये ठरला. बाजारात गड्याचा रोज ५०० च्या वर असताना ३१२ साठी कोण धावेल?

मूळ प्रश्नावर उद्या लिहितो, परीक्षेचे पेपर तपासायचेत.

बालाघाटचा पोरगा
उसाचं मी सांगतो. आई-वडील दोघंही कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवाळीच्या आधी टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, आता ती लाखाच्या वर जाते. मग पाच-सहा महिने कर्नाटकात नाहीतर कोल्हापूर-सांगलीकडं. मी तिसरीपर्यंत अर्धं वर्ष इथल्या शाळेत आणि अर्धं वर्ष फडात काढलं.

दर किती? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ च्या आसपास होते ते ३६६ झाले. आकडा मोठा दिसतो. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. तोडायचं, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. पहाटे चारला उठायचं आणि गाडी रात्री भरायची असली तर रात्री बाराला. दोघांचे मिळून ७३२ रुपये, माणशी ३६६. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, मुकादम उचलीतून वळता करून घेतो. त्या खाड्याच्या धाकापायी आमच्या बीड जिल्ह्यातल्या बायांनी गर्भाशयं काढून टाकली, त्यावर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. स्वस्त मजुरी म्हणतात ती अशी स्वस्त होती. तिचा उरलेला खर्च आमच्या आयांनी अंगावर घेतला.

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडं. टनाला ९३ रुपये वाढले. एका टनातून साधारण १०२ किलो साखर निघते, म्हणजे किलोला ९० पैसे. साखर खाणाऱ्याला ते कळलंसुद्धा नसतं. पण ते ९० पैसे त्याच्याकडून घेतलेच नाहीत. एफआरपी, म्हणजे उसाला कारखान्यानं द्यायचा ठरलेला किमान भाव, कारखान्याच्या गेटवरची असते. तोडणी-वाहतूक त्यातून कापून उरलेलं शेतकऱ्याच्या खात्यावर जातं. आमची मजुरी वाढली ती ऊसवाल्याच्या बिलातून. म्हणून तो आमच्यावर चिडतो आणि आम्हाला वाटतं तो कंजूष आहे.

गोदाकाठी
बालाघाटच्या भावा, मीही ऊसवालाच आहे आणि हे कापलेलं बिल दर वर्षी बघतो. पण कपातीच्या वर काय काय जातं तेही लिहा ना. टोळी रानात आली की आधी एकरी खुशाली, म्हणजे वरचे पैसे. ड्रायव्हरचे प्रत्येक खेपेला एन्ट्रीचे पैसे. गाडी फसली की ट्रॅक्टर आपला. वाढे, उसाचे हिरवे शेंडे, तेच नेणार आणि विकणार. मागच्या हंगामात माझे एकरी पाच हजार असे गेले, कुठल्याही पावतीवर नाहीत. द्यावेच लागतात. २०२१-२२ चा हंगाम आठवा, जूनपर्यंत लांबला होता. मेच्या उन्हात माझा ऊस उभा वाळत होता आणि मी रोज कारखान्याच्या चिटबॉयच्या, तोडणीची चिठ्ठी देणाऱ्याच्या दारात. त्या वर्षी मी एकरी दहा दिले असते.

ओटीतल्या ताई, तुमच्या आईबद्दल वाचलं. माझा रोख कुणा एका बाईवर नव्हता. दव असताना वेचू नका म्हणून ओरडणारा मीच आहे, तेवढं कबूल.

बालाघाटचा पोरगा
खुशालीचं खरं आहे, नाकारत नाही. पण ती टोळीत वाटली की माणशी किती येते ते विचारा एकदा. आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडं जावं लागतं. त्या फेऱ्यातून सुटायला जिथून मिळेल तिथून माणूस पैसा धरतो.

मांजराकाठचा
जरा विषयांतर. आमच्याकडं पाडव्याला सालगडी ठरवायची पद्धत. माझे आजोबा ओट्यावर बसून गड्याला दहा प्रश्न विचारायचे. यंदा मी विचारायला बसलो तर गड्यानंच मला विचारलं, बोअरला पाणी किती, ट्रॅक्टर घरचा की भाड्याचा, रात्रीची लाईट असली तर मोटार कोण चालू करणार आणि रविवारी बाजाराला सुट्टी आहे का. मी सगळ्याची उत्तरं दिली आणि पास झालो. दीड लाख, दोन पोते ज्वारी आणि दोन जोड कपडे.

मानवतकर
@मांजराकाठचा, अभिनंदन. आमच्या भावकीत यंदा तिघंजण नापास झाले.

लातूरचा मास्तर
पेपर झाले. आता मूळ प्रश्न.

मजुरी वाढते तेव्हा तिला जायला तीनच वाटा असतात. गिऱ्हाइकाकडं, मालकाच्या नफ्याकडं, किंवा मग कामाची रीत बदलण्याकडं, म्हणजे मशीन आणणं, पीक बदलणं, माणसं कमी करणं. कोणती वाट मोकळी आहे ते तुमचा भाव कोण ठरवतो यावर अवलंबून.

आमच्या गल्लीतल्या सलूनचं घ्या. मी नोकरीला लागलो तेव्हा कटिंग १० रुपये होती, आज ८०. कात्री तीच, खुर्ची तीच, वेळही तेवढाच, वीस मिनिटं. त्याचं काम जलद झालेलं नाही. पण बाहेर दुसऱ्या कामांचे रोज वाढले. तो ३० रुपयांत कटिंग करत बसला तर त्याचा पोरगा दुकान सोडून पुण्याला जाईल. म्हणून दर वाढतो, आणि लातूरचं डोकं कापायला कुणी ब्राझीलहून येत नाही, म्हणून आपल्याला तो द्यावा लागतो. विल्यम बॉमोल या अर्थतज्ज्ञानं १९६६ मध्ये वाद्यवृंदांच्या खर्चाचा अभ्यास करताना हेच मांडलं. वादक चार लागतात तिथं चारच लागतात, मग वाजवणं महाग होत जातं. शाळा, दवाखाने, सलून, सगळीकडं हेच.

सिंदफणाकाठ, तुमचं उलटं आहे. तुमचा भाव माजलगावात ठरत नाही. सरकारनं १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, ते ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. सूतगिरणीला अमेरिकेची, ब्राझीलची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, त्या भावात मिळत असेल तर ती तुमच्या वेचणीचा दर विचारत नाही. तिकडं पानं गाळायचं औषध मारून, मशीन फिरवून कापूस एकदाच काढतात. इथल्या वेचणीच्या १२ रुपयांची स्पर्धा त्या मशीनशी आहे. म्हणून तुमच्यापुरती पहिली वाट बंद.

गवंडी नांदेड
मी बांधकामाचे मजुरीचे ठेके घेतो. मास्तर म्हणतात ते आमच्या धंद्यात तंतोतंत खरं. २०१२ ला मी फुटाला १३० नं मजुरी घेत होतो, आज ३०० च्या खाली परवडत नाही. घरमालक कुरकुरतात पण देतात, कारण घर परदेशातून येत नाही. मिस्त्री ९००-१,०००, हाताखालचा बिगारी ६००, बाई ४००. मजुरांच्या अड्ड्यावर सकाळी नऊ वाजले की माणूसच उरत नाही. फरशी आणि पीओपीची कामं सगळी बाहेरच्या राज्यातल्या पोरांकडं गेली. आमची पोरं त्या कामात शिरलीच नाहीत याचं वाईट वाटतं, कारण त्यात पैसा चांगला आहे.

पण बदल झालाय. पूर्वी स्लॅबला पन्नास माणसं लागायची, आता मिक्सर आणि लिफ्टवर वीस. विटांऐवजी ब्लॉक आले, एक ब्लॉक म्हणजे सात-आठ विटांचं काम. मजुरी वाढली नसती तर आम्ही अजून विटाच रचत बसलो असतो.

सळईवाला
जालन्याहून. आमच्या भट्टीत मजुरी हा मोठा खर्च नाही. भंगार, स्पंज आयर्न आणि वीज, भाव त्यावर चालतो. युनिटला एक रुपया वाढला तर आम्ही दुसऱ्या दिवशी डोक्याला हात लावतो. मजुरी दहा टक्के वाढली तर सळईच्या भावात ती शोधूनही सापडत नाही. त्यामुळं 'मजुरीमुळं लोखंड महागलं' असं कुणी सांगितलं तर पटवून घेऊ नका.

तरी माणसाची किंमत आम्हाला एकदा कळली. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेली सोळा माणसं मालगाडीखाली गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली, मध्य प्रदेशची मुलं होती ती. घरी पायी निघाली होती. लॉकडाऊन उठल्यावर भट्ट्या चालू करायच्या तर भट्टीसमोर उभं राहणारं कुणी नव्हतं. १,६०० अंशांच्या जवळ वितळलेलं लोखंड असतं समोर, ते काम अड्ड्यावरचा नवा माणूस करू शकत नाही. त्या वर्षी आम्ही गाड्या पाठवून, आगाऊ पैसे देऊन माणसं परत आणली. रोज वाढवला, खोल्यांना पंखे आणि संडास बांधले. ते आधीच करायला हवं होतं. परवडत नव्हतं म्हणून राहिलं असं नाही, आमचं लक्षच नव्हतं. ही माझी स्वतःची चूक मी मानतो.

वाळूज जॉबवर्क
माझं वाळूजला छोटं शॉप आहे, बावीस माणसं, गाड्यांचे दाबून काढलेले पत्र्याचे भाग करतो. माझा भाव मी ठरवत नाही, मोठी कंपनी ठरवते, आणि ती दर वर्षी दर कमी करून मागते. इकडं किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत असा वर्षातून दोनदा बदलतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिताही लागू झाल्यात, मूळ पगार निम्म्यापेक्षा कमी दाखवता येणार नाही, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी वाढणार. म्हणून सिंदफणाकाठ, तुम्ही आणि मी एकाच जागी उभे आहोत.

पण माझा एक अनुभव वेगळा आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडं पोरं टिकत नव्हती. पाचशे रुपये जास्त मिळाले की समोरच्या शेडमध्ये. दर महिन्याला प्रेसवर नवा माणूस, मग शंभरातले पाच-सहा नग वाया, आणि एकदा एका पोराचं बोट गेलं. त्या रात्री मी घाटी दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ बसून होतो. दुसऱ्या महिन्यापासून सगळ्यांचे दोन हजार वाढवले आणि प्रेसला सेन्सर बसवले. पहिले सहा महिने खिशातून भरले. आज वाया जाणारा माल शंभरात एकाच्या आत आहे आणि बावीसपैकी सतराजण तेच आहेत. पत्रा वाचला त्यात वाढवलेला पगार निघाला. प्रत्येक ठिकाणी असं होईल असं मी म्हणत नाही. पण पगाराचा हिशोब करताना सोडून जाणाऱ्या माणसाचा खर्च कुणी धरत नाही, तो धरून बघा.

बांगडीमोर
मी पैठणची. सासरी हातमाग आहे. आमच्याकडं तर मजुरी हीच किंमत. रेशीम आणि जरतार एकीकडं, बाकी सगळे हाताचे दिवस. साध्या काठाची पैठणी एका माणसाला तीन-चार आठवडे. पदर मोर, मुनिया, अस्सावली अशा नक्षीनं भरलेला असेल तर सहा-सात महिनेसुद्धा. पदरावरच्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हातानं फिरवायची, दिवसाला बोट-दीड बोट काम पुढं सरकतं.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, यंत्रमागाची तीन हजारांत मिळते, तुमची वीस हजार का? मी साडी उलटी करून दाखवते. हातमागाची मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागं धागे लोंबत ठेवलेले असतात किंवा कापलेले असतात. ज्याला ते कळतं तो विणकराच्या दिवसांचे पैसे देतो. न कळणारे जास्त आहेत. माझ्या दिराचा मुलगा शेंद्र्याला कंपनीत लागला, महिन्याला अठरा हजार. मागावर त्याला बारा पडत होते. त्याला थांब म्हणायचं धाडस माझं झालं नाही.

तूरसोयाबीन
आम्ही मास्तरांची तिसरी वाट धरली. औसा तालुक्यात आमच्या गावात माझ्या लहानपणी कापूस होता, ज्वारी होती. आता नजर जाईल तिथं सोयाबीन. कारण एकच, माणसं कमी लागतात. पेरणी ट्रॅक्टरनं, तण औषधानं, काढणीला हार्वेस्टर. खुरपणीच्या बाया चार एकराला पंधरा दिवस लागायच्या, आता तणनाशकाला एक दिवस पुरतो.

पण यंदाच्या पावसानं हार्वेस्टर रानात उतरेना. चाकं रुतायली. मग हातानंच सोंगायची वेळ आली आणि गुत्तं, म्हणजे सोंगणीचा ठेका, बियाण्याच्या एका बॅगेएवढ्या रानाला साडेपाच हजार. मागच्या साली साडेतीन दिले होते. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८, मोंढ्यात माझ्या भिजलेल्या मालाला ३,८००. बॅगला चार क्विंटल निघाले, १५,२०० आले, त्यातले साडेपाच हजार सोंगणीलाच. मळणी, हमाली, तोलाई अजून बाकी.

ओटीतला कापूस
तूरसोयाबीन दादा, तुमच्या पंधरा दिवसांच्या खुरपणीतल्या बाया कुठं गेल्या ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आषाढ-श्रावणात आईला पूर्वी दोन महिने खुरपण मिळायचं. आता पंधरा-वीस दिवस. वर्षाचा हिशोब केला तर तिला कामाचे दिवस शंभर-सव्वाशेच मिळतात. म्हणजे रोज वाढला आणि दिवस घटले. वेचणीला ती जास्त दर मागते कारण वर्षाचं तिथंच काढायचं असतं. वेचणीच्या महिन्यात बाया मिळत नाहीत म्हणून तुम्ही ओरडता आणि बाकीचं वर्ष तिला काम मिळत नाही. दोन्ही एकाच गावात चालू आहे.

तूरसोयाबीन
ताई, बरोबर आहे तुमचं. हे मी या बाजूनं पाहिलं नव्हतं. माझ्या रानात वर्षातून जास्तीत जास्त वीस दिवस कुणाला काम देतो मी.

सरकी रुई
सेलूला जिनिंगमध्ये हिशोबनीस आहे. मूळ प्रश्नावर येऊ या. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई पडते, बाकी सरकी आणि थोडी घट. गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. १२ रुपयांनी गाठीमागं वेचणीचे सहा हजार.

आता शर्ट घ्या. अडीचशे ग्रॅमचा सुती शर्ट असेल, तर कताईतली घट धरून ३०० ग्रॅम रुई लागते. त्याला ८८० ग्रॅमच्या आसपास कापूस. त्या कापसाची वेचणी साडेदहा रुपये. आठशे-हजाराच्या शर्टात या ताईंच्या आईचे साडेदहा रुपये आहेत. वेचणी १५ झाली तर शर्टात अडीच-पावणेतीन रुपये वाढतील. हजार रुपये देणारा माणूस तेवढ्यासाठी शर्ट परत ठेवणार नाही.

अडचण ही की ते अडीच रुपये त्याच्याकडून मागणारं कुणी नाही. दुकानदाराला त्याच्या भाड्यातलं आणि नोकराच्या पगारातलं वाढलेलं घेता येतं, ते तो घेतो. गिरणी रुई जगाच्या भावानं घेते, आम्ही कापूस रुई-सरकीच्या भावानं घेतो, आणि शेवटी राहतो तो शेतकरी. त्याच्या खाली फक्त वेचणारी. भावाचा दाब वरून येतो, मजुरीचा खालून, आणि दोन्ही एकाच माणसावर.

गोदाकाठी
हे साडेदहा रुपये मी लिहून ठेवले. आता दरावरून घासाघीस करताना आठवतील.

सिंदफणाकाठ
सगळ्यांचे आभार. तीन रात्री वाचतोय. माझ्या प्रश्नाचं उत्तर सरकी रुई आणि मास्तरांनी दिलं. पैसा माझ्याच खिशातून जातो, कारण वर मागायला माझ्या हातात काही नाही. हमीभावानं खरेदी होईल तेव्हा माल कोरडा ठेवून थांबायची ताकद आली तर थोडं बदलेल. त्यासाठी यंदा घरामागं ताडपत्री आणि फरशी करून घेतोय, ओल्यात गाठोडी रचून माल गेला ही माझी चूक होती.

दुसरी गोष्ट ओटीतल्या ताईंमुळं सुचली. तिसऱ्या वेच्याला किलोवर बाया येत नाहीत म्हणून दोन वर्षं मी तो कापूस झाडावरच सोडला होता, अंदाजे दीड क्विंटल. आज दोघींशी बोललो. पहिले दोन वेचे किलोवर, तिसरा रोजावर, ३५० रुपये, किती निघेल तो निघो. दीड क्विंटलला नऊ-दहा रोज लागले तर साडेतीन हजार जातील, दहा हजारांचा माल घरात येईल. त्या तयार झाल्या.

ओटीतला कापूस
आईला फोनवर वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, रानात प्यायचं पाणी आहे का की घरून न्यायचं.

सिंदफणाकाठ
बोअर आहे ताई. बांधावरच्या लिंबाखाली माठ भरून ठेवतो.